समांतर जोडणीतला करंट: शाखांचा हिशेब कसा करायचा आणि मीटरवर तो का जुळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला २२०, ३३० आणि ६८० ओहमचे तीन रेझिस्टर ब्रेडबोर्डवर (भोकांमध्ये पाय खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) समांतर जोडले आहेत. एकूण करंट ८१.४ मिलिअँपिअर निघाला. मग 'दुसऱ्या बाजूचा रोध भागिले सगळ्या रोधांची बेरीज' या सूत्राने प्रत्येक शाखेचा करंट काढला, तर ६६.९, ५९.६ आणि ३६.४ अशी उत्तरं आली. त्यांची बेरीज १६२.९, म्हणजे एकूण करंटच्या जवळपास दुप्पट. शिवाय मीटर लावला तर तो एकूण करंट ७६ दाखवतो. चूक कुठे आहे?

चुका दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली सूत्राची, दुसरी बॅटरीला ९ व्होल्ट धरण्याची. एकूण करंटचा तुमचा आकडा कागदावर बरोबर आहे, म्हणून आधी तो कुठून येतो ते पाहू.

समांतर जोडणीत सगळ्या रेझिस्टरची एक बाजू एका बिंदूला आणि दुसरी बाजू दुसऱ्या बिंदूला जोडलेली असते. त्यामुळे प्रत्येकाच्या टोकांमधलं व्होल्टेज एकच असतं. हे पक्कं धरलं की शाखेचा करंट काढायला दुसऱ्या कुठल्याच शाखेकडे पाहावं लागत नाही. ओहमचा नियम प्रत्येक रेझिस्टरला स्वतंत्र लावायचा:

९ ÷ २२० = ०.०४०९ अँपिअर, म्हणजे ४०.९ मिलिअँपिअर
९ ÷ ३३० = २७.३ मिलिअँपिअर
९ ÷ ६८० = १३.२ मिलिअँपिअर

बेरीज ८१.४ मिलिअँपिअर. हिशेब इथेच संपला. व्होल्टेज माहीत असताना एकूण करंट आधी काढून तो परत शाखांमध्ये वाटत बसणं म्हणजे विनाकारण लांबचा रस्ता, आणि त्याच रस्त्यावर तुमचं सूत्र चुकलं.

आकडेमोडीची एक सवय लावून घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात रोध किलोओहममध्ये लिहिला आणि व्होल्टला त्याने भागलं, तर उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं. ९ ÷ ०.२२ = ४०.९. दशांश चिन्हामागची शून्यं मोजावी लागत नाहीत. परीक्षेत आणि कामाच्या टेबलावरही सर्वांत जास्त चुका याच शून्यांमध्ये होतात.

आता तुमच्या सूत्राकडे येऊ. 'दुसऱ्याचा रोध भागिले दोघांची बेरीज' हा करंट विभागणीचा नियम पुस्तकात आहे आणि तो बरोबरही आहे, पण फक्त दोन रेझिस्टरसाठी. तीन रेझिस्टर असताना 'दुसऱ्याचा' या शब्दाच्या जागी 'उरलेल्या दोघांची बेरीज' घातली की नियम मोडतो. २२० च्या हिश्शात अंशस्थानी ३३० आणि ६८० आले, ३३० च्या हिश्शात २२० आणि ६८०, ६८० च्या हिश्शात २२० आणि ३३०. प्रत्येक रोध अंशस्थानी दोनदा आला, छेदात मात्र एकदाच. म्हणून हिश्शांची बेरीज बरोबर २ आली. चार रेझिस्टर घेऊन हीच चूक केली असती तर तिप्पट आली असती. दोन असताना प्रत्येक रोध अंशस्थानी एकदाच येतो, म्हणून तिथे बेरीज १ येते. शाखांची बेरीज अशी पूर्ण पटीत फुगलेली दिसली, तर हीच चूक झाली आहे असं न शोधता सांगता येतं.

तीन किंवा तीसही रेझिस्टरना चालणारा नियम कंडक्टन्सचा आहे. कंडक्टन्स म्हणजे रोधाचा व्यस्त, एकक सीमेन्स. समांतर जोडणीत रोधांची सरळ बेरीज होत नाही, कंडक्टन्सची होते. आणि करंट कंडक्टन्सच्या प्रमाणात वाटला जातो. तुमच्या तीन रेझिस्टरचे कंडक्टन्स मिलिसीमेन्समध्ये:

१००० ÷ २२० = ४.५४५
१००० ÷ ३३० = ३.०३०
१००० ÷ ६८० = १.४७१
बेरीज ९.०४६

२२० चा हिस्सा ४.५४५ ÷ ९.०४६, म्हणजे ५०.२ टक्के. ३३० चा ३३.५ टक्के, ६८० चा १६.३ टक्के. ८१.४ ला या टक्क्यांनी गुणा, वर काढलेले तेच आकडे मिळतील.

हा नियम खरा उपयोगी पडतो तो व्होल्टेज दिलेलं नसताना, फक्त एकूण करंट दिलेला असताना. समजा एखाद्या स्थिर-करंट पुरवठ्यातून ६० मिलिअँपिअर याच तीन रेझिस्टरमध्ये सोडले. वाटणी ३०.१५, २०.१० आणि ९.७५ मिलिअँपिअर. पडताळायचं असेल तर तुल्य रोध (तिघांच्या जागी एकच रेझिस्टर लावायचा तर त्याचा जो रोध हवा तो) ११०.५ ओहम गुणिले ०.०६ अँपिअर म्हणजे ६.६३ व्होल्ट, आणि ६.६३ भागिले २२० म्हणजे ३०.१ मिलिअँपिअर. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की हिशेब पक्का समजायचा. २२० आणि ३३० यांच्यासारखी सोपी जोडी दिसली तर तोंडीही जमतं: रोधांचं गुणोत्तर २:३, म्हणून करंटचं ३:२.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वर्गात फार ऐकू येतो: 'करंट कमी रोधाच्या वाटेने जातो.' करंट सगळ्या वाटांनी जातो. कमी रोधाच्या वाटेने जास्त आणि जास्त रोधाच्या वाटेने कमी, एवढंच. ६८० ओहमच्या शाखेतून १३ मिलिअँपिअर वाहतातच, शेजारी २२० चा रेझिस्टर आहे म्हणून ते तिकडे वळत नाहीत. ज्याच्या मनात 'सोपी वाट' बसलेली असते, त्याला मोठ्या रोधाची शाखा हिशेबातून वगळण्याची खोड लागते.

तुल्य रोधाचं सूत्र तुम्हाला माहीत आहे: तिन्ही व्यस्तांची बेरीज करा आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्या. शेवटची पायरी विसरणारे पुष्कळ असतात. त्यांचं उत्तर ०.००९०४६ येतं आणि ते त्यालाच ओहम म्हणून पुढे जातात. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. १ ÷ १ ÷ २२० + १ ÷ ३३० असं कंसाशिवाय दाबत गेलं की कॅल्क्युलेटर भलतंच काहीतरी देतो. प्रत्येक व्यस्त मेमरीत टाकत जावा किंवा दोन-दोन करून सोडवावं. आधी २२० आणि ३३०: गुणाकार भागिले बेरीज, ७२६०० ÷ ५५०, म्हणजे १३२. मग १३२ आणि ६८०: ८९७६० ÷ ८१२, म्हणजे ११०.५. इथेही 'गुणाकार भागिले बेरीज' फक्त दोनालाच चालतं. तिघांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज केली तर उत्तराचं एककसुद्धा ओहम राहत नाही, ओहमचा वर्ग होतो.

उत्तर पटण्यासारखं आहे का, हे पाहायला एक नजर पुरते. तुल्य रोध सगळ्यांत लहान रेझिस्टरपेक्षाही लहान असायलाच हवा. इथे सगळ्यांत लहान २२०, उत्तर ११०.५. ठीक. आणि तिन्ही समान २२० चे असते तर ७३.३ आलं असतं, तेव्हा ७३ ते २२० च्या बाहेरचं कुठलंही उत्तर चूकच. ही तपासणी मी सूत्र लावण्याआधी करायला सांगतो, नंतर नाही. आधी अंदाज बांधलेला असला की कॅल्क्युलेटरवर आंधळा विश्वास बसत नाही.

आता ७६ मिलिअँपिअरचं कोडं. बहुतेक जण लगेच टॉलरन्सकडे, म्हणजे छापील आकड्यापासून चालणाऱ्या फरकाकडे, बोट दाखवतात. रेझिस्टरवरचा चौथा रंगीत पट्टा सोनेरी असेल तर रेझिस्टर ५ टक्के वरखाली असू शकतो. पण हिशेब करून पाहा. तिन्ही रेझिस्टर एकाच वेळी ५ टक्के जास्त निघाले, तरी एकूण करंट ८१.४ ÷ १.०५, म्हणजे ७७.५ च्या खाली जात नाही. तुमचं वाचन ७६ आहे. म्हणजे टॉलरन्सची सगळी माफी देऊनही काहीतरी उरतंच.

उरतं ते व्होल्टेज. ७६ मिलिअँपिअर गुणिले ११०.५ ओहम म्हणजे ८.४ व्होल्ट. रेझिस्टर लिहिल्याप्रमाणे असतील, तर त्यांच्या टोकांवर ९ नाही, ८.४ व्होल्टच आहेत. अँमीटर (करंट मोजायला लावलेला मीटर) सर्किटमध्ये तसाच ठेवून दुसऱ्या मीटरने थेट रेझिस्टरच्या पायांवर व्होल्टेज मोजा, याच्या आसपासचा आकडा दिसेल. बाकीचं व्होल्टेज दोन ठिकाणी गेलं आहे.

पहिलं ठिकाण बॅटरीच्या पोटात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आत सहा छोट्या सेलची एकसर (एकामागे एक जोडलेली) माळ असते आणि तिचा अंतर्गत रोध दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. नव्या अल्कलाइन बॅटरीत तो थोडाच असतो, पण वापरलेल्या किंवा साध्या झिंक-कार्बन बॅटरीत बराच वाढतो. ८० मिलिअँपिअर हे या बॅटरीच्या मानाने भारी ओझं आहे. मोकळी बॅटरी मीटरवर ९.२ दाखवते आणि ओझं टाकलं की साडेआठवर येते, हे अगदी नेहमीचं. मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज हिशेबात घेतलं की उत्तर नेहमी जास्त येणार.

दुसरं ठिकाण तुमचा मीटरच. करंट मोजताना मीटर आपल्या आतल्या शंट नावाच्या छोट्या रोधातून करंट नेतो आणि त्यावर पडणारं व्होल्टेज मोजतो. पडद्यावर ० ते १९९९ असे आकडे दाखवणाऱ्या साध्या डिजिटल मीटरमध्ये पूर्ण रेंजला साधारण ०.२ व्होल्ट पडतात. म्हणजे २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर शंट १ ओहम, २० मिलिअँपिअरच्या रेंजवर १० ओहम, २ मिलिअँपिअरच्या रेंजवर १०० ओहम. यात आतल्या फ्यूजचा आणि लीडच्या वायरींचा रोध वेगळा धरायचा. तुमच्या ७६ मिलिअँपिअरला मीटर आणि लीड मिळून २ ओहम धरले, तर ०.१५ व्होल्ट मीटरनेच खाल्ले. रेंज जेवढी बारीक, तेवढा मीटर सर्किटमध्ये जास्त ढवळाढवळ करतो. नवशिक्याला वाटतं बारीक रेंज म्हणजे अचूक वाचन. कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये अनेकदा उलट होतं.

८.४ व्होल्ट धरून शाखा पुन्हा काढा: ३८.२, २५.५, १२.४. बेरीज ७६. मीटर आणि कागद जुळले.

शाखेचा करंट मोजायला मी शक्यतो अँमीटर वापरू नका म्हणेन. पुरवठा बंद करून रेझिस्टरचा एक पाय ब्रेडबोर्डमधून उपटा, त्याचा रोध मोजून लिहून ठेवा, पाय परत बसवा, पुरवठा सुरू करा आणि त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा. व्होल्टेज भागिले मोजलेला रोध म्हणजे करंट. व्होल्टेज मोजताना मीटरचा रोध साधारण १ ते १० मेगओहम असतो, त्यामुळे २२० ओहमच्या शेजारी त्याचा काही परिणाम दिसत नाही. पाय उपटण्याची पायरी मात्र गाळू नका. तिन्ही जागेवर असताना कुठल्याही रेझिस्टरवर मीटर लावला तरी तो ११० ओहमच दाखवणार, कारण तो तिघांना एकत्रच मोजतो. 'माझे तिन्ही रेझिस्टर खराब आहेत, सगळे ११० दाखवतात' अशी तक्रार याच कारणाने येते. आणि सर्किट चालू असताना ओहमच्या रेंजवर मीटर लावायचाच नाही, वाचन तर चुकतंच, मीटरही जाऊ शकतो.

अँमीटर वापरायचाच असेल तर तो शाखा तोडून तिच्यात एकसर घालायचा. बॅटरीच्या किंवा रेझिस्टरच्या दोन टोकांना आडवा लावला तर १ ओहमचा शंट सरळ पुरवठ्यावर पडतो आणि फ्यूज उडतो. अनेक स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटला तर फ्यूजही नसतो, मीटरच्या तोंडावर तसं छापलेलं असतं. लाल लीड त्या सॉकेटमध्ये विसरून कोणी व्होल्टेज मोजायला गेलं की शॉर्ट झालाच. ९ व्होल्टच्या बॅटरीवर निभावून जाईल, घरच्या मेनवर जिवावर बेतेल. करंट मोजून झाला की लीड आधी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत.

वॅटचा हिशेब तुमच्या प्रश्नात नव्हता, पण तो करायला हवा. ९ चा वर्ग भागिले २२० म्हणजे ०.३७ वॅट. किटमध्ये मिळणारे रेझिस्टर बहुधा पाव वॅटचे असतात. म्हणजे तुमचा २२० ओहमचा रेझिस्टर त्याच्या कुवतीच्या दीडपट ओझं वाहतो आहे. हात लावला तर चटका बसेल, थोडा वेळ ठेवला तर रंग काळवंडेल आणि ब्रेडबोर्डचं प्लास्टिकही मऊ पडेल. ३३० वाल्यावर ०.२४५ वॅट, अगदी काठावर. ६८० वाला ०.१२ वॅटवर निवांत. कुवतीच्या निम्म्यावरच रेझिस्टर चालवावा हे माझं मत, म्हणून इथे २२० साठी १ वॅटचा आणि ३३० साठी अर्ध्या वॅटचा घ्या. किंवा प्रयोग शिकण्यासाठीच असेल तर तिन्ही रोध दहापट करा: २.२, ३.३ आणि ६.८ किलोओहम. गुणोत्तरं तीच राहतात, करंट दहावा हिस्सा होतो, बॅटरी बसत नाही, काही तापत नाही. समांतर जोडणीत सगळ्यांत लहान रोध सगळ्यांत जास्त तापतो, एकसर जोडणीत सगळ्यांत मोठा. दोन्हींची गल्लत करू नका.

इथून पुढे खरी परीक्षा. 'समांतर शाखा एकमेकींपासून स्वतंत्र' हे वाक्य फक्त तेव्हाच खरं असतं, जेव्हा त्यांच्यावरचं व्होल्टेज कशानेच हलत नाही. पुरवठा आणि शाखा यांच्यामध्ये थोडा जरी एकसर रोध असेल, तर शाखा एकमेकींच्या करंटवर परिणाम करतात. १२ व्होल्टचा पुरवठा घ्या, पुढे १०० ओहम एकसर, आणि त्याच्यामागे २२० व ३३० समांतर. इथे बरेच जण १२ ला २२० ने भागून ५४.५ मिलिअँपिअर लिहितात. १२ व्होल्ट त्या रेझिस्टरवर आहेतच कुठे?

आधी समांतर भाग आवळा: १३२ ओहम. त्यात १०० मिळवा: २३२. एकूण करंट १२ ÷ २३२ = ५१.७ मिलिअँपिअर. समांतर भागावरचं व्होल्टेज ०.०५१७ × १३२ = ६.८३ व्होल्ट. आता शाखा: ६.८३ ÷ २२० = ३१.० आणि ६.८३ ÷ ३३० = २०.७. बेरीज ५१.७. आतून बाहेर आवळत जायचं आणि बाहेरून आत उलगडत यायचं. उलगडताना प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज लिहून ठेवा, करंट नंतर आपोआप निघतात.

आता याच सर्किटमध्ये ६८० ओहमची तिसरी शाखा जोडा. समांतर भाग ११०.५ झाला, एकूण २१०.५, एकूण करंट ५७.० मिलिअँपिअर, समांतर भागावरचं व्होल्टेज ६.३० व्होल्ट. २२० चा करंट ३१.० वरून २८.६ वर आला, ३३० चा २०.७ वरून १९.१ वर. कोणी त्यांना हात लावला नव्हता. एकूण करंट वाढला, १०० ओहमवर जास्त व्होल्टेज पडलं आणि जुन्या शाखांच्या वाट्याला कमी उरलं. तुमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध हाच तो १०० ओहमचा धाकटा भाऊ.

घरातली वायरिंग याच आकृतीची असते. सगळी उपकरणं २३० व्होल्टवर समांतर, आणि सगळ्यांच्या आधी वायरचा एकसर रोध. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला साधारण १९.५ ओहम असतो. २० मीटरच्या एक्स्टेन्शनमध्ये जाती-येती मिळून ४० मीटर तार, म्हणजे ०.७८ ओहम. त्यावर २००० वॅटचा हीटर लावला. हीटरचा रोध २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. करंट २३० ÷ २७.२३ = ८.४५ अँपिअर. वायरवर ६.६ व्होल्ट पडले आणि वायरमध्ये उष्णता ८.४५ च्या वर्गाला ०.७८ ने गुणून ५६ वॅट.

त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावली. तिचा रोध ५२.९ ओहम, दोघांचा तुल्य १७.६३. एकूण करंट १२.५ अँपिअर. हीटरचा करंट किंचित उतरून ८.३३, इस्त्रीचा ४.१६. वायरमधली उष्णता मात्र १२२ वॅट. करंट दीडपट झाला नाही तोच उष्णता दुपटीच्या पुढे गेली, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनमध्ये ही उष्णता बाहेर पडायला जागा नसते आणि इन्सुलेशन वितळतं. शिवाय सहा अँपिअरच्या सॉकेटमधून हे ओझं जाऊ द्यायचंच नसतं. समांतर जोडणीत प्रत्येक नवं उपकरण एकूण रोध कमी करतं आणि मुख्य वायरचं ओझं वाढवतं. शाखेच्या वायरी सुखात असतात, भाजते ती सगळ्यांची सामाईक वायर. म्हणून वायरची जाडी ठरवताना एकेका उपकरणाचा करंट पाहायचा नाही, सामाईक वायरमधला एकूण पाहायचा.

मेनवरचा करंट मोजायला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा धरून मोजणारा) वापरा, साधा मल्टिमीटर एकसर घालण्याचा उद्योग करू नका. क्लॅम्पच्या जबड्यात एकच वायर घ्यायची, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही एकदम धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

शेवटी, हा सगळा हिशेब रोध स्थिर असणाऱ्या वस्तूंनाच लागू आहे. तारेच्या पिवळ्या बल्बचा रोध थंड असताना मीटरने मोजाल, तर तो पेटलेल्या अवस्थेतल्या रोधाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतकाच निघेल. त्यावरून काढलेला करंट दहा-पंधरापट जास्त येईल. बल्बसाठी वॅट भागिले व्होल्ट हेच बरोबर. पंखा, पंप, फ्रीज यांना ओहमच्या मोजणीवरून करंट काढताच येत नाही, तिथे पॉवर फॅक्टर (करंट आणि व्होल्टेज यांच्या लहरी एकसाथ नसण्याचा परिणाम) मध्ये येतो, आकडा उपकरणावरच्या पाटीवरून वाचावा.

एलईडीचं तर आणखी वेगळं. तीन एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावतात आणि 'करंट तीन समान भागांत वाटला जाईल' असं धरतात. एलईडी ठराविक व्होल्टेजनंतर एकदम वाहू लागतो, आणि एकाच पाकिटातल्या दोघांचं ते व्होल्टेज तंतोतंत सारखं नसतं. ज्याचं किंचित कमी, तो वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की त्याचं व्होल्टेज आणखी उतरतं आणि तो आणखी ओढतो. तो जळला की उरलेल्या दोघांवर तेच ओझं. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. १२ व्होल्टवर लाल एलईडीसाठी, एलईडीचे २ व्होल्ट वजा करून १० उरतात, ६८० ओहम लावला तर १४.७ मिलिअँपिअर आणि रेझिस्टरवर ०.१५ वॅट. अशा तीन शाखा समांतर जोडा, प्रत्येकीचा करंट रेझिस्टर ठरवेल, एलईडी नाही.

तुमच्या ब्रेडबोर्डकडे परत. बॅटरी काढून स्थिर ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावा आणि एकूण करंट पाहा. ८१ च्या आसपास आला तर सगळं ठीक. ६८ आला तर ६८० ची शाखा उघडी आहे, ५४ आला तर ३३० ची, ४०.५ आला तर २२० ची. बेरजेतून एक शाखा वजा केली की हेच आकडे उरतात, म्हणून काहीही न उपटता दोष सापडतो. एकूण करंट २०० च्या जवळ गेला आणि एक रेझिस्टर धुरकटला, तर ६८० च्या जागी ६८ लागला आहे: ६८० चे पट्टे निळा-करडा-तपकिरी, ६८ चे निळा-करडा-काळा, आणि मंद उजेडात तपकिरी व काळा सारखेच दिसतात. आणि शाखा उघडी निघूनही रेझिस्टर चांगला असेल, तर ब्रेडबोर्डची लाल-निळी पट्टी मधोमध पाहा. मोठ्या ब्रेडबोर्डपैकी बऱ्याच बोर्डांत ती पट्टी अर्ध्यावर तुटलेली असते, रंगाची रेघही तिथे खंडित दिसते. पलीकडच्या अर्ध्यात बसवलेल्या रेझिस्टरपर्यंत पुरवठा पोचतच नाही. लाल पट्टीचे दोन अर्धे एका छोट्या तारेने आणि निळ्या पट्टीचे दोन अर्धे दुसऱ्या तारेने जोडा आणि पुन्हा मोजा.